व्हीसीव्ही रॅक: हजारो मॉड्यूलांतून कामाची कशी ओळखावीत

व्हीसीव्ही रॅक म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) केबलने जोडून सिंथेसायझर बनवण्याचं संगणकावरचं सॉफ्टवेअर. २०१७ साली आलेल्या या रॅकची खरी श्रीमंती बाहेरच्या लोकांनी बनवलेल्या मॉड्यूलांत आहे. लायब्ररीत ती हजारोंनी आहेत आणि बरीचशी फुकट आहेत. नवखे लोक पहिल्याच दिवशी शे-दोनशे मॉड्यूल भरून घेतात. मग रॅकचा मॉड्यूल-ब्राउझर उघडला की कशाला हात लावावा हेच कळत नाही. त्यापेक्षा एका वेळी एकाच कामाचं मॉड्यूल शोधावं, तीन-चार उमेदवार घ्यावेत आणि सगळ्यांना एकाच कसोटीवर घासावं. देखण्या पॅनेलवर भाळू नये.

घेण्याची रीत सोपी आहे. रॅकच्या लायब्ररी मेनूतून लॉगिन करा, लायब्ररीच्या पानावर मॉड्यूल आपल्या खात्यात घ्या, मेनूतून अपडेट करा आणि रॅक बंद करून पुन्हा उघडा. हे शेवटचं विसरलं की मॉड्यूल दिसत नाही आणि माणूस उगाच डोकं खाजवत बसतो. घेण्याआधी आवृत्ती पाहा. रॅक २ साठी तिचा पहिला आकडा २ च हवा, १ वाली मॉड्यूल त्यात चालत नाहीत. ॲपल सिलिकॉनचा मॅक असेल तर मॉड्यूल त्या प्रोसेसरसाठी बांधलंय का तेही बघा. जुनी काही फक्त इंटेलसाठी आहेत, त्यांच्यासाठी इंटेलचा रॅक रोझेटावर (इंटेलचे प्रोग्रॅम नव्या मॅकवर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीवर) चालवावा लागतो. मॅन्युअलची लिंक आहे का, हेही पाहून घ्यावं. मॅन्युअल नसलेलं गुंतागुंतीचं मॉड्यूल कितीही चांगलं असलं तरी सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता कसोटी. ऑसिलेटर (सूर निर्माण करणारं मॉड्यूल) असेल तर तो रॅकच्या मूळ व्हीसीओ या ऑसिलेटरशेजारी ठेवा. रॅकमध्ये दर सप्तकाला १ व्होल्ट हे माप आहे आणि ० व्होल्ट म्हणजे मध्य सी, २६१.६ हर्ट्झ. दोघांना ० व्होल्टवर एका सुरात आणा, मिक्सरमध्ये एकत्र करा आणि एकच व्होल्टेज देत १, २, ३, ४ पर्यंत चढवा. वर जाताना आवाज लाटांसारखा कमी-जास्त व्हायला लागला, तर नवा ऑसिलेटर सुरात चढत नाही. मग त्यातला करवतीसारखा तरंग घेऊन सूर ३-४ हजार हर्ट्झच्या पुढे सावकाश न्या आणि कान देऊन ऐका. मुख्य सूर वर चढत असताना मागे एखादा बारीक सूर खाली उतरताना ऐकू आला, तर तो खोटा आहे. नमुना-दर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा, ४८ हजार असेल तर २४ हजार हर्ट्झच्या वर काही मावत नाही. तिथले उपस्वर परत खाली दुमडतात. चांगला ऑसिलेटर हे जवळजवळ ऐकूच येऊ देत नाही.

सिक्वेन्सर म्हणजे ठरवलेले सूर पायरीपायरीने वाजवणारं मॉड्यूल. त्याची गोम वेगळी. रॅकमध्ये प्रत्येक केबल एका नमुन्याचा उशीर लावते. त्यामुळे रीसेट (पहिल्या पायरीवर आणणारा इशारा) आणि क्लॉक (पुढच्या पायरीवर नेणारा इशारा) एकदम पाठवले तरी एक जरा मागे राहू शकतो, आणि सिक्वेन्सर पहिल्या पायरीऐवजी दुसरीपासून सुरू होतो. म्हणूनच रॅकच्या नियमांत म्हटलंय की रीसेटनंतर १ मिलिसेकंदाच्या आत येणारा क्लॉक मॉड्यूलने सोडून द्यावा. वीस वेळा रीसेट दाबा. एकदाही पायरी चुकली तर ते मॉड्यूल बाजूला ठेवा.

एकाच वेळी अनेक सूर हवे असतील तर मिडी-सीव्हीमध्ये (कीबोर्डचे सूर व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या मॉड्यूलमध्ये) चॅनेल ४ करा. केबल जाड होते, तीतून १६ चॅनेलपर्यंत जाऊ शकतात. एकच चॅनेल वाचणाऱ्या मॉड्यूलला ती जोडली की तीन सूर गळतात, तिथे स्प्लिट मॉड्यूल वापरून वेगळे करावे लागतात. आणि एफ-३ दाबून प्रत्येक मॉड्यूलचा भार पाहाच. तडतड ऐकू आली की लोक थेट थ्रेड (प्रोसेसरवर एकदम चालणारी कामं) वाढवतात. त्याने प्रोसेसर तापतो. आधी कोणतं मॉड्यूल सगळ्यांत जास्त खातंय ते शोधा.

तारेसारख्या आवाजाचं मॉड्यूल पारखायचं असेल तर तंबोऱ्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. ऑडिबल इन्स्ट्रुमेंट्सच्या संग्रहातला रेझोनेटर घ्या. एसईक्यू-३ (SEQ 3) या सिक्वेन्सरला चार पायऱ्या आणि टेम्पो ६० ठेवा. मग प्रत्येक नॉबवर राइट-क्लिक करून आकडे टाइप करा: पंचम −०.४१५, दोन्ही जोड ०, खर्ज −१. एसईक्यू-३ चा सीव्ही (सूर ठरवणारं व्होल्टेज) रेझोनेटरच्या सुराला आणि ट्रिगर स्ट्रमला जोडा. रेझोनेटरची पॉलिफनी ४ करा, नाहीतर पुढची तार छेडली की आधीची तुटते. डॅम्पिंग चढवलं की तारा एकमेकींत मिसळतात.

पंचम −०.४१५ च का? पियानोच्या १२ समान भागांत तो −०.४१७ येतो, म्हणजे सुमारे २ सेंटचा (सेंट म्हणजे पियानोच्या शेजारच्या दोन स्वरांतल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक, कानाला फारसा खटकत नाही. गंधारात मात्र तो जाणवतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार सा पासून ०.३२२ व्होल्टवर, तर क्वांटायझर (व्होल्टेज जवळच्या स्वरावर बसवणारं मॉड्यूल) देतो तो ०.३३३ वर, जवळपास १४ सेंट चढा. रॅकचा साधा क्वांटायझर १२ समान स्वरच जाणतो. त्यामुळे या तंबोऱ्यावर त्यातून भूपाचा गंधार वाजवला की तो टोचतो. गंधार आकड्यानेच भरा, आणि क्वांटायझर निवडताना स्वरांचे आकडे स्वतः देता येतात का ते आधी बघा.

हा सगळा मांड एकदा जमला की फाइल मेनूतून टेम्पलेट म्हणून साठवून ठेवा. नवा पॅच उघडला की व्हीसीओ, मिक्सर, स्कोप (तरंग पडद्यावर दाखवणारं मॉड्यूल) आणि चार तारा समोर तयार असतील, आणि नवं मॉड्यूल पारखायला पाच मिनिटं पुरतील.