चिमण्यांसाठी बाटलीचा फीडर

वर्तकनगरात खिडकीला बर्ड फीडर लावायचा तर आधी कबुतरांचा विचार करावा लागतो. सपाट ताटलीत दाणे ठेवले की ती ठाण मांडतात, आणि त्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचे आजार होऊ शकतात. म्हणून मी भाचीला हाताशी घेऊन असा फीडर केला, ज्यावर चिमणीच बसेल. भाची सहा वर्षांची. "मामा, कबुतराला भूक नाही लागत का?" तिने विचारलं. प्रश्न रास्तच होता. तिला काट्यावर 30 ग्रॅम पोहे मोजायला लावले: एवढी चिमणी. कबूतर 300 ग्रॅमच्या वर. एवढं धूड येऊन बसलं की लहान पाखरांना जागाच उरत नाही, हे तिला लगेच पटलं.

एक लिटरची प्लास्टिकची बाटली धुऊन पूर्ण वाळवा. आत थेंबभर ओल राहिली तरी दाण्यांच्या गुठळ्या होतात. बुडापासून दोन बोटं वर समोरासमोर दोन भोकं पाडा आणि त्यातून गुळगुळीत काडी आरपार घाला. काडी दोन्हीकडे जेमतेम दोन-तीन बोटं बाहेर राहू द्या. सगळी मेख इथे आहे, कारण एवढ्याशा काडीवर कबुतराला नीट बसता येत नाही. काडीच्या वर दोन बोटांवर दाण्याचं भोक. ते आधी बारीकच पाडा आणि बाजरी भरून बघा. दाणे आपोआप गळता कामा नयेत, चोच लावली की मात्र निघाले पाहिजेत. बुडाला सुईने चार-पाच छिद्रं पाडा, म्हणजे पाणी साचत नाही. गरम दाभण आणि सुई मोठ्यांनीच हातात धरायची. मुलांनी मापं घ्यायची, खुणा करायच्या, काडी घासायची, दाणे भरायचे. ही कामं नावापुरती नाहीत, तेव्हा वाकडी झाली तरी त्यांनाच करू द्या.

आत बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी. शेव, फरसाण, मिठाचा भात, पाव नको. बाटली भरू नका, दोन दिवसांपुरतेच दाणे घाला. सुतळीने ग्रिलच्या आत, कुंडीच्या वर टांगा. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कपड्यांवर दाणे पडत नाहीत, आणि सांडलेली बाजरी कुंडीत उगवते. भाचीला फीडरपेक्षा त्या कोंबांचंच कौतुक जास्त.

पहिले काही दिवस कोणीच फिरकणार नाही. जागा बदलू नका. चिमण्या आल्या की मुलांना गळ्याशी काळा डाग शोधायला सांगा: तो नर. मादी साधी, मातकट.

20 मार्चच्या चिमणी दिनाच्या सुमारास फीडर लावलात तर एक लक्षात असू द्या. तेव्हा घरट्यांची धांदल असते आणि पिल्लांना दाणे नाही, किडे-अळ्या लागतात. म्हणून कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका. शेजारी उथळ मातीच्या ताटलीत पाणी ठेवा, रोज बदला. आठवड्यातून एकदा बाटली रिकामी करून धुवा. जूनमध्ये पाऊस धरला की फीडर उतरवा, कारण ओल्या दाण्यांना बुरशी लागते आणि ती पाखरांना बाधते.

बुलबुल मात्र या बाजरीकडे वळूनही बघत नाही. त्याच्यासाठी पिकल्या पपईची फोड ग्रिलच्या गजाला तारेने अडकवा आणि उरलेली संध्याकाळी काढून टाका, नाहीतर मुंग्या लागतात.