बेदाण्याचा माल रॅकवर टाकण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, जत भागात द्राक्षं वाळवायच्या शेड भरू लागल्या आहेत. सगळ्यांची नजर आभाळाकडे, कारण माल रॅकवर असताना अवकाळी आला की रंग गेला. पाऊस आपल्या हातात नाही, पण माल किती दिवस रॅकवर राहणार हे बरंचसं द्राक्षं बुडवायच्या टबातल्या पाण्यावर ठरतं. तसाच टाकलेला माल वाळायला तीन-चार आठवडे घेतो, नीट बुडवलेला 12 ते 15 दिवसांत निघतो.

मण्यावर मेणाचा पांढरट थर असतो, तो आतलं पाणी अडवून धरतो. कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल (द्राक्षं बुडवण्यासाठी मिळणारं तेल) यांचं द्रावण साल न फाडता हा थर सैल करतं. पाणी लवकर उडालं की मणी काळपटायला वेळच मिळत नाही. म्हणून ही हिरव्या-पिवळ्या रंगाचीही तयारी आहे.

100 लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल. आधी कार्बोनेट पूर्ण विरघळवा, मग ऑइल बारीक धारेनं सोडत ढवळत राहा. पाणी एकसारखं दुधाळ दिसलं पाहिजे. वर तेलाचा तवंग राहिला तर काही घड तेलकट आणि काही कोरडे निघतील. सामू (pH) 11 च्या आसपास हवा. क्रेट दोन ते चार मिनिटं बुडवा, निथळू द्या, मग जाळीवर एकच थर पसरा. गडबडीच्या दिवशी मजूर क्रेट नुसता बुचकळून काढतात. तिथं कुणीतरी घड्याळ धरून उभं राहावं. सकाळचंच द्रावण संध्याकाळपर्यंत ओढू नका, गढूळ झालं की बदला. पुढं दोन-तीन दिवसांनी रॅकवर सौम्य द्रावण फवारतात, पण बुडवताना राहिलेली कसर त्यातून पूर्ण भरून निघत नाही.

गोडी 22 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) खाली असेल तर मात्र थांबा. कच्चा माल कितीही बुडवला तरी बेदाणा हलकाच पडतो. एरवी चार किलो द्राक्षांना किलोभर बेदाणा धरतात, कमी गोडीला तेवढाही हाती लागत नाही.

केळी-पपई वाळवणाऱ्यांनी हे द्रावण वापरू नये. तिथं मेणाचा प्रश्न नसतो, चिरलेला भाग काळा पडण्याचा असतो. त्यासाठी सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचं पाणी बरं.

माल काढताना मूठभर बेदाणा दाबून सोडा. गोळा न होता मोकळा झाला, तर ओलावा 15-16 टक्क्यांवर आला असं समजून झाडणीला, म्हणजे जाळीवरून बेदाणा झाडून काढायला, घ्या.