दोन नेटवर्क, एकच पत्ता: नेमस्पेस शिकायला सुरुवात इथून करा

कारखान्यात एकाच मेकची दोन मशीन्स असली, की बऱ्याचदा दोन्हींच्या कंट्रोलरचा आयपी सारखाच निघतो, समजा १९२.१६८.१.१०. चालू लाइनवर तो बदलायला सहसा कोणी तयार होत नाही. मग दोन्हींचा डेटा एकाच लिनक्स सर्व्हरवर गोळा करायचा, तर तोडगा सर्व्हरवरच काढावा लागतो.

नुसती दोन लॅन कार्डं लावून भागत नाही. पॅकेट पाठवताना कर्नल (लिनक्सचा गाभा) मुख्यतः पोहोचायचा पत्ता बघतो आणि सारख्या दोन रूटपैकी (मार्गांपैकी) एकच निवडतो. पिंग लागतं, एरर येत नाही, आणि दुसऱ्या मशीनच्या नावाखाली पहिल्याचेच आकडे साठत राहतात. म्हणून पिंगवर कधीच विसंबू नका. 'आयपी नेबर' ही कमांड चालवा आणि दिसणारा मॅक पत्ता (हार्डवेअरचा स्वतःचा पत्ता) कंट्रोलरवरच्या लेबलशी ताडून बघा.

यावर तोडगा म्हणून मी नवीन मुलांना आधी नेटवर्क नेमस्पेस शिकवतो, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आतले वेगवेगळे नेटवर्क कप्पे. प्रत्येक नेमस्पेसचं रूटिंग टेबल, एआरपी (आयपीवरून मॅक पत्ता शोधणारी यंत्रणा), फायरवॉल, पोर्ट सगळं स्वतंत्र असतं. 'आयपी नेटएनएस ॲड'ने लाइन१ आणि लाइन२ बनवा आणि एकेक कार्ड आत ढकला. आत जाताना कार्डावरचा आयपी पुसला जातो, तो पुन्हा द्या. दोन्हीकडे तोच दिला तरी चालतो. लूपबॅकही (सर्व्हरने स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) आत बंदच असतो, तो अप करा. मग डेटा गोळा करणारा प्रोग्राम दोनदा चालवा, प्रत्येक नेमस्पेसमध्ये एक.

गोळा झालेला डेटा बाहेरच्या डेटाबेसपर्यंत न्यायला बहुतेक जण व्हेथ जोडी, म्हणजे दोन नेमस्पेस जोडणारी आभासी केबल, लावतात. पण डेटाबेस त्याच सर्व्हरवर असेल तर त्याचा युनिक्स सॉकेट (एकाच सर्व्हरवरच्या प्रोग्रामनी आपसात बोलायची सोय) वापरा. तो फाइलच्या पाथवरून उघडतो, त्यामुळे नेमस्पेसची भिंत त्याला आडवी येत नाही. मला हा मार्ग फार आवडतो, कारण दोन नेटवर्कांमध्ये रूट म्हणून काही उरतच नाही.

एकाच प्रोसेसला अनेक नेटवर्कांशी बोलायचं असेल तर व्हीआरएफ बघा, म्हणजे एकाच नेमस्पेसमध्ये वेगवेगळी रूटिंग टेबलं ठेवायची सोय. ते २०१५ पासून, कर्नल ४.३ मध्ये आहे. तिथे मात्र फायरवॉल सामायिक असते आणि कनेक्शन ट्रॅकिंगचे (चालू कनेक्शनच्या नोंदींचे) झोन वेगळे करावे लागतात, म्हणून ते नंतर.

हाताने बनवलेले नेमस्पेस रीबूटला उडतात. ते उभे करणारं सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) युनिट लिहा आणि प्रोग्रामच्या युनिटमध्ये 'नेटवर्कनेमस्पेसपाथ' द्या. साइट सोडण्याआधी सर्व्हर एकदा स्वतः रीबूट करा.