गाण्यांच्या जागी इंग्रजी खिचडी

२३ डिसेंबरची रात्र. घरात करंज्या तळणं चाललेलं आणि फादरांचा फोन आला, "अगं, पडद्यावर गाण्यांच्या जागी कायतरी इंग्रजी खिचडी दिसतेय."

आमच्या वसईच्या चर्चची नाताळची गाणी बाबांनी पूर्वी डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्यात संगणकाच्या लेखी अक्षरं रोमनच, वर फक्त देवनागरीचे आकार चढवलेले. चर्चच्या नव्या लॅपटॉपवर तो फॉन्टच नव्हता.

तात्पुरता उपाय सोपा होता. बाबांच्या मशीनवर पीडीएफ काढली, म्हणजे फॉन्ट फाइलबरोबरच जातो. पण आयत्या वेळी कडवं बदलायचं तर? आणि आमचं गायनमंडळ ते बदलणारच! म्हणून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर देवनागरीच राहील अशा अक्षरांत, आणायला बसले.

कन्व्हर्टरने बरंच काम केलं, पण 'ताऱ्या'चा 'तार्या' करून ठेवला. मी हुशारी करून सगळीकडे 'र्या'च्या जागी 'ऱ्या' टाकलं, तर पुढच्याच गाण्यात 'सूर्या'चा 'सूऱ्या' झाला.

"सुऱ्या घेऊन गाणार का आता?" आई झारा हातात घेऊनच डोकावली.

कंट्रोल-झेड. मग एकेक जागा बघून बदलली. इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर शिफ्ट दाबून 'जे'ची कळ म्हणजे ऱ, मग 'डी'ने त्याचा पाय मोडायचा, पुढे 'या'. साधा र घेतला तर रफारच होतो.

संपलं तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते. पीडीएफ तरीही पेनड्राइव्हवर ठेवलीच.