सोल ऐकताना त्यातलं गॉस्पेल कसं पकडायचं

सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं एक लोकप्रिय संगीत, आवडतं पण त्यात गॉस्पेल, म्हणजे त्यांच्या चर्चमधली भक्तिगीतं, नेमकं कुठे आहे ते कळत नाही असं बरेच जण म्हणतात. माझं सांगणं एकच, गाणी एकेकटी ऐकू नका, जोडीने ऐका. आधी चर्चचं गाणं आणि लगेच त्याच्यामागे सोलचं.

सुरुवात सदर्न टोन्स या गॉस्पेल ग्रुपच्या 'इट मस्ट बी जीझस'ने करा आणि मग गायक रे चार्ल्सचं 'आय गॉट अ वूमन' लावा, दोन्ही १९५४ ची. चाल जवळपास तीच, फक्त येशूच्या जागी बाई आली, आणि म्हणूनच तेव्हा चर्चमधली कितीतरी माणसं भडकली होती. शब्दांकडे सध्या बघू नका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्या, दोन्ही गाण्यांत ती बरोब्बर बसते.

मग सॅम कुक. हा सोल स्टिरर्स या गॉस्पेल ग्रुपचा लीड सिंगर, त्यांचं 'वंडरफुल' ऐका आणि मग त्याचंच 'लव्हेबल', जे त्याने डेल कुक या नावाने काढलं, कारण गॉस्पेलवाले श्रोते दुखावले जातील ही भीती होती. पण तो आवाज लपतोय होय!

आता सोल गायिका अरेथा फ्रँकलिन, इथे घाई करू नका. वडील डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री, ती तिथेच गात मोठी झाली. 'रिस्पेक्ट' मूळ सोल गायक ओटिस रेडिंगचं, १९६५ चं, ते आधी ऐका आणि मग अरेथाचं १९६७ चं लावा पण हेडफोन घालून, आणि पहिल्यांदा अरेथाला सोडून फक्त मागचे आवाज ऐका. तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा सारखं उत्तर देत राहतात, ओळ संपायचीही वाट बघत नाहीत. आपल्या भजनात बुवांनी ओळ टाकली की टाळकरी उचलतात ना, अगदी तसं. ओटिसच्या गाण्यात हे इतकं नाही, आणि मला तर वाटतं गाणं खरं पेटतं ते ह्याच्यामुळेच.

त्यानंतर अरेथाचाच 'अमेझिंग ग्रेस' हा गॉस्पेल अल्बम, जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये लोकांसमोर रेकॉर्ड केलेला, सोबत गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलंड आणि कॉयर, म्हणजे समूहगायकांचा ताफा. टायटलचं गाणं दहा मिनिटांच्या वर आहे, ते मध्येच पुढे ढकलू नका. एकेका अक्षरावर ती किती सूर फिरवते आणि समोरची माणसं कुठे ओरडतात ते बघा, मग तिची प्रेमाची गाणी परत लावा, त्यात तेच फिरवणं सापडेल.

स्टेपल सिंगर्स या घरच्याच लोकांच्या ग्रुपला मात्र दुसरी जोडी शोधायची गरज नाही, त्यांचंच १९५६ चं 'अनक्लाउडी डे' आणि १९७२ चं 'आयल टेक यू देअर' पाठोपाठ लावा. ताल पूर्ण बदललाय, पण त्यांची गायिका मेव्हिस तशीच गाते जशी चर्चमध्ये गायची.