कायोटी आणि टार्गेट: रायफलची काडतुसं घेताना या चुका टाळा

टेक्सासपासून डाकोटापर्यंत गुरं-मेंढ्या पाळणाऱ्यांना कायोटी काही नवा नाही. आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, वजनानं साधारण दहा ते वीस किलो. हिवाळ्यात अंगावर दाट केस आले की आहे त्याहून बराच थोराड दिसतो. अमेरिकेत स्थायिक झालेले काही मराठी लोकही आता रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) जातात, शिकारीचा परवाना काढतात आणि दुकानात जाऊन विचारतात, "चांगली काडतुसं कोणती?" कोणत्या रायफलसाठी आणि कशावर झाडायला, हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

नळीवर काय कोरलंय ते न वाचणं

सगळ्यात धोक्याची चूक हीच. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसं हातात घेतली तर सारखीच दिसतात, एकमेकांच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीत) बसतातही. पण ५.५६ च्या चेंबरमध्ये गोळीच्या पुढे आटे (नळीच्या आतले गोळीला गिरकी देणारे वळसे) सुरू होईपर्यंत जास्त मोकळी जागा असते आणि काडतूस त्या हिशेबानं भरलेलं असतं. तेच .२२३ च्या चेंबरमध्ये झाडलं तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. उलट, ५.५६ च्या रायफलमध्ये .२२३ चालतं. नळीवर ".२२३ वाइल्ड" असं असेल तर दोन्ही चालतात.

झाडलेलं टरफल उचलून बघायची सवय लावा. प्रायमर (टरफलाच्या बुडाची, ठिणगी पाडणारी टिकली) चपटा होऊन कडेला पसरलाय, बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) उघडायला जोर लागतोय, प्रायमर सैल होऊन पडलाय, यातलं काहीही दिसलं तर तिथंच थांबा. "आणखी एक झाडून बघू" म्हणू नका.

घरात .३०० ब्लॅकआउट या जाड गोळीच्या काडतुसाची रायफलही असेल तर दोघींची मॅगझिनं वेगळ्या रंगाची ठेवा आणि एका वेळी एकच काडतूस टेबलावर काढा. ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या नळीत गेलं आणि चाप ओढला गेला, तर रायफल हातातच फुटते. असे अपघात झालेले आहेत.

एकाच डब्यात दोन्ही कामं उरकणं

कागदावर सरावाला पूर्ण तांब्याच्या आवरणाची, म्हणजे एफएमजे गोळी स्वस्त पडते आणि तिथं ती ठीकच आहे. तीच कायोटीवर झाडली तर बारीक भोक पाडून आरपार निघून जाते. जनावर पळतं आणि कुठल्या तरी झुडपात तासन्‌तास तडफडतं. शिकार करायची असेल तर ती झटक्यात संपली पाहिजे, ही किमान जबाबदारी आहे. शिवाय आरपार गेलेली गोळी दगडावरून उसळून कुठं जाईल याचा नेम नसतो.

दुसऱ्या टोकाला मॅच गोळी, म्हणजे स्पर्धेतल्या अचूक नेमासाठी बनवलेली. तिच्या टोकाला छिद्र दिसतं म्हणून ती शिकारीची वाटते. पण ते छिद्र गोळी बनवण्याच्या पद्धतीमुळे राहिलेलं असतं, गोळी जनावरात शिरून फुलावी म्हणून ठेवलेलं नसतं. मॅचकिंग बनवणारी सिएरा कंपनी स्वतःच ती शिकारीसाठी सुचवत नाही.

कायोटीसाठी लागते ती पातळ आवरणाची, चटकन फुटणारी गोळी: हॉर्नडीची व्ही-मॅक्स किंवा नोस्लरची बॅलिस्टिक टिप व्हार्मिंट. .२२३ मध्ये ५० ते ५५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा पल्ला. ३५-४० ग्रेनच्या हलक्या गोळ्या वेगानं भुलवतात, पण जवळून खांद्याच्या हाडावर लागल्या तर वरच्यावर फुटतात. जखम भयंकर दिसते, पण खोल जात नाही आणि जनावर निसटतं. .२२-२५० सारख्या जास्त वेगाच्या रायफलमध्ये हा धोका आणखी वाढतो. कातडं ठेवायचं नसेल तर थोडी जड, थोडी टणक गोळी घ्यायला काहीच हरकत नाही.

आट्यांचा वळसा न बघता वजन निवडणं

नळीवर १:१२, १:९, १:७ असे आकडे असतात. १:७ म्हणजे दर सात इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा. वजन वाढलं की गोळी लांब होते आणि लांब गोळीला सरळ राहायला जास्त गिरकी लागते. १:१२ च्या जुन्या नळीत ५५ ग्रेनपर्यंत ठीक चालतं. ७५-७७ ग्रेनच्या मॅच गोळ्या तिच्यातून झाडल्या तर त्या हवेत डगमगतात. कागदाजवळ जाऊन भोकं बघा. गोल, स्वच्छ कडांची भोकं असतील तर उत्तम. लांबट, किल्लीच्या भोकासारखी असतील तर गोळी आडवी होऊन लागलीय. स्कोपचे (नेम धरायच्या दुर्बिणीचे) स्क्रू कितीही फिरवले तरी हे सुधारत नाही, गोळीच बदलावी लागते.

उलटही घडतं. सेकंदाला ३,२४० फूट वेगानं सुटलेली गोळी १:१२ च्या नळीतून मिनिटाला जवळपास १,९४,००० फेरे घेते, १:७ मधून तब्बल ३,३३,०००. पातळ आवरणाची हलकी गोळी एवढी गिरकी कधीकधी सोसत नाही आणि कागदापर्यंत पोचायच्या आधीच तिचे तुकडे होतात. पाच गोळ्या झाडून चारच भोकं दिसली तर आधी नेमाला दोष देऊ नका.

शिसं नसलेल्या तांब्याच्या गोळ्या त्याच वजनाला जास्त लांब असतात, म्हणून त्यांना गिरकीही जास्त लागते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीत शिशाची गोळी चालत नाही, तेव्हा तिथल्यांनी हे आधी बघायचं.

नेम बिघडला की लगेच स्कोप फिरवणं

काल इंचभरात बसणाऱ्या गोळ्या आज तीन इंच पसरल्या, तर आधी डब्यावरचा लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक) बघा. तीच कंपनी, तेच वजन, पण लॉट बदलला की नेमाची जागा सरकू शकते. ५० मीटर रायफलमध्ये (आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं तो प्रकार याच कुळातला) अव्वल नेमबाज .२२ ची काडतुसं लॉटप्रमाणे आपल्याच नळीतून तपासून घेतात आणि जमलेला लॉट साठवून ठेवतात. आपल्याला एवढं नको, पण दोन-तीन प्रकारांचा एकेक डबा आणून, प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या १०० यार्डांवर टेकू देऊन झाडा. जो जमेल त्याचेच पुढचे डबे एका लॉटचे घ्या. महागडा डबा हरतो आणि मधल्या किमतीचा जिंकतो, हे नेहमीचं आहे.

लॉट तोच असेल तर स्कोपच्या माउंटचे स्क्रू तपासा. मग आठवा, नळी नुकतीच साफ केलीय का? साफ नळीच्या पहिल्या काही गोळ्या बऱ्याचदा वेगळीकडे जातात. कायोटीवर तर गार नळीतली पहिलीच गोळी मोजायची असते, म्हणून ती कुठं लागते हे वेगळ्या कागदावर नोंदवा.

आणि ऋतू. जुलैच्या उन्हात शून्य केलेली (नेम धरला तिथंच गोळी लागेल अशी जुळवलेली) रायफल जानेवारीत शून्याखालच्या थंडीत काढली तर दारू मंद जळते, वेग घटतो, लांबची गोळी खाली लागते. काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर तापत ठेवली तर उलट दाब वाढतो. ५५ ग्रेनची .२२३ ची गोळी २०० यार्डांवर शून्य केली तर १०० वर दीडेक इंच वर आणि ३०० वर सात-आठ इंच खाली लागते. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात २०० यार्डांवरच ती चारेक इंच सरकते. कायोटीच्या छातीतला मर्माचा भाग तळहाताएवढा असतो. ३०० यार्डांचा मोह का आवरायचा, ते यातच आलं.

कायद्याकडे काणाडोळा

एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानं बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. राज्याचा चालू शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. मित्राचा डबा "जरा ठेव" म्हणून घरी ठेवण्याआधी वकिलाला विचारा. अनेक रेंजवर पोलादी गाभ्याच्या हिरव्या टोकाच्या एम८५५ गोळ्या चालत नाहीत. दारातच चुंबक लावून बघतात आणि चिकटलेला डबा परत पाठवतात. हे दुकानातच विचारून घ्या.

भारतात येताना रेंजवर नेलेली पिशवी प्रवासाला कधीच वापरू नका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो आणि सुट्टीचे दिवस पोलीस ठाणं आणि कोर्टात जातात. पिशवी एकच असेल तर कप्पे उलटे करून झटका, शिवणीवरून बोटं फिरवा आणि मगच कपडे भरा.