परतीच्या ताटात ठेवण्यासाठी: मुलांसह उरलेल्या रंगांतून नाताळच्या भेटवस्तू

गोव्यातल्या अनेक वाड्यांवर दिवाळीत फराळाचे ताट ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जाते आणि नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बेबिंक असे पदार्थ मांडलेले कोंसुआदचे ताट आपल्या घरी येते. आलेले ताट रिकामे परत करू नये, हा जुना शिष्टाचार असल्यामुळे एरवी त्यात थोडी साखर किंवा एखादे फळ ठेवले जाते. या वर्षी त्या ताटात मुलांनी स्वतः केलेली वस्तू ठेवायची असेल, तर त्यासाठी नवे काही विकत आणण्याची गरज नाही, कारण शाळकरी मूल असलेल्या प्रत्येक घरात एक तरी खण मोडक्या मेणखडूंनी, सुकलेल्या स्केचपेनांनी आणि अर्ध्या भरलेल्या चित्रकलेच्या वह्यांनी भरलेला असतोच. ताट नाताळच्या आदल्या दिवशी किंवा नाताळालाच येते, म्हणून कामाला डिसेंबरच्या मध्यावर आरंभ करावा.

सर्वांत आधी तो खण जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पूर्ण रिकामा करावा. मुलांना विचारून वस्तू आधी ठरवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण वस्तू आधी ठरली की तिला लागणारा एखादा रंग किंवा कागद घरात नसतो आणि मग दुकान गाठावे लागते. हाताशी काय उरले आहे ते पाहून वस्तू ठरवावी. मेणखडू, ऑइल पेस्टल, स्केचपेन, पोस्टर रंगाच्या बाटल्या आणि कागद असे वेगवेगळे ढीग मुलांनाच करू द्यावेत. मेणखडू आणि ऑइल पेस्टल दिसायला सारखे असले तरी एकत्र करू नयेत. बोटाने चोळून पाहिल्यास ऑइल पेस्टल सहज बोटाला लागतो, मेणखडू फारसा लागत नाही. बाटलीच्या तळाशी वाळलेला पोस्टर रंग टाकून देऊ नये. त्यात चमचाभर कोमट पाणी घालून रात्रभर ठेवल्यास तो बहुधा पुन्हा वापरता येतो. मात्र ज्या बाटलीला कुबट वास येतो किंवा बुरशी दिसते, ती सरळ कचऱ्यात टाकावी. आपल्याकडचा पावसाळा रंगांना फारसा मानवत नाही.

माझ्या मते या साऱ्या पसाऱ्यातून होणारी सर्वांत देखणी वस्तू म्हणजे कावी पद्धतीचे शुभेच्छापत्र. कावी ही कोकण-गोव्याची भित्तिचित्रांची पद्धत आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीपासून केलेल्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच लोखंडी अवजाराने कोरतात, म्हणजे खालचा पांढरा थर रेषेरेषेने उघडा पडतो. मोरजी येथील मोरजाईच्या देवळात या चित्रांचे नमुने आहेत आणि शक्य असेल तर काम सुरू करण्यापूर्वी मुलांना ते दाखवून आणावे. आपल्या शुभेच्छापत्रात गिलाव्याची जागा मेणखडू घेतो आणि काव रंगाची जागा पोस्टर रंग घेतो.

त्यासाठी जुन्या दिनदर्शिकेचे जाड पान किंवा शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा १० बाय १५ सेंटिमीटर आकारात कापावा. त्यावर पांढरे आणि फिकट पिवळे मेणखडू आडवे धरून जोर लावून घासावेत. कोठेही कागद उघडा राहता कामा नये, कारण उघड्या जागी वरचा रंग कागदात मुरतो आणि तेथे कोरता येत नाही. मोडके तुकडे या कामाला अखंड खडूपेक्षा बरे पडतात, कारण ते मुठीत नीट बसतात. मग तांबड्या पोस्टर रंगात थोडा तपकिरी रंग मिसळून चिऱ्याच्या दगडाची छटा आणावी आणि त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब घालावेत. हा साबण विसरू नये. आमच्या घरी पहिल्या खेपेला तो विसरला आणि अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा सगळा रंग मेणावर थेंबाथेंबाने गोळा झाला. साबणामुळे रंग मेणावर पसरून बसतो. पहिला हात सुकल्यावर दुसरा द्यावा आणि तोही सुकला की लगेच कोरायला घ्यावे, कारण रंग दिवसभर पडून राहिला तर रेषेच्या कडेने त्याचे पापुद्रे निघतात. कोरण्यासाठी संपलेल्या बॉलपेनचे टोक उत्तम, लहान मुलांसाठी आइस्क्रीमची काडी पुरेशी होते.

चित्र कोणते काढावे, हे मुलांवर सोडावे. फक्त एक गोष्ट सुचवावीशी वाटते. सांत इस्तेव बेटावर जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मारिया मातेला साडी नेसवून, भारतीय रूपात रंगवले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत आहे. त्यातले एखादे चित्र दाखवून मुलांना विचारावे, की येशूचा जन्म आपल्या वाड्यावर झाला असता, तर तो गोठा कसा दिसला असता. मग माडाच्या झावळ्यांचे छप्पर, समोरची विहीर, दारातला कुत्रा असे तपशील आपोआप येतात आणि शुभेच्छापत्र शेजाऱ्यांच्या ओळखीचे होते.

शेजारच्या घरी लहान मुले असतील, तर उरलेल्या मेणखडूंतून नवे खडू करून देता येतात. तुकडे कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवले की वरचा कागद सहज सुटतो; त्यानंतर ते पुसून पूर्ण कोरडे करावेत. एका छटेचे तुकडे एका जुन्या डब्यात घालून तो डबा पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवावा आणि मेण पातळ होईपर्यंत काडीने ढवळत राहावे, नाहीतर रंगद्रव्य तळाशी बसते. मेण साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून त्याला थेट आच लागत नाही आणि देऊही नये. तापून पेटलेल्या मेणावर पाणी टाकणे तर फारच धोक्याचे असते. हा टप्पा मोठ्यांनीच करावा. वितळलेले मेण काड्यापेटीच्या आतल्या कप्प्यात, त्याला ॲल्युमिनियमचा कागद लावून, ओतावे आणि तासभर हलवू नये. ऑइल पेस्टलचे तुकडे यात पडले तर खडू घट्ट होत नाही, म्हणूनच सुरुवातीला ढीग वेगळे केले. डबा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये आणि त्यात उरलेले मेण मोरीत न ओतता गरम असतानाच वर्तमानपत्राने पुसून घ्यावे. तीन वर्षांखालच्या मुलांना छोटे तुकडे देऊ नयेत. या मेणाच्या मेणबत्त्या करण्याची कल्पना अनेकांना सुचते, पण रंगद्रव्य वातीत अडकल्यामुळे त्या धड जळत नाहीत.

सुकलेल्या स्केचपेनांची टोके दोन चमचे पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवली की पातळ रंग तयार होतो. कायम टिकणाऱ्या मार्करचा रंग असा सुटत नाही. हा रंग आठवड्याभरात वापरून संपवावा, आणि तो उन्हात फिका पडत असल्यामुळे त्याचा उपयोग पाकिटे व नावाच्या चिठ्ठ्या रंगवण्यापुरताच ठेवावा.

दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद जपून ठेवला असेल, तर त्यातून नाताळचा तारा होतो. प्रत्येकी पाच काड्यांच्या दोन चांदण्या बांधून त्यांची टोके एकत्र जुळवावीत आणि आतल्या पाच छेदांवर बोटभर लांबीच्या काड्या उभ्या खोचाव्यात, म्हणजे तारा फुगीर होतो. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ चालते, पण जुन्या पद्धतीप्रमाणे तिच्यात मोरचूद घालू नये, कारण तो विषारी आहे आणि मुलांची बोटे तोंडात जातात. त्याऐवजी रोज लागेल तेवढीच खळ शिजवावी. आत एलईडीचाच दिवा लावावा.

जुन्या चित्रकलेच्या कागदाचा लगदा करून हातकागद करण्याचा उद्योग मात्र पहिल्याच वर्षी हाती घेऊ नये. मुलांना त्यातला लगदा कालवण्याचा भाग तेवढा आवडतो आणि पुढचे चार दिवस चाळण्या धूत बसण्याचे काम आईवडिलांच्या वाट्याला येते. त्यापेक्षा चित्रकलेच्या वह्यांतली कोरी पाने काढून, मधोमध दुमडून, जाड दोऱ्याने तीन टाके घालावेत आणि मुलाच्याच एखाद्या जुन्या चित्राचे वेष्टन चढवावे. वाणसामानाची यादी लिहायला वयस्क शेजारणीला अशी वही खरोखर उपयोगी पडते.

ताट भरताना एक काळजी घ्यावी. वस्तूबरोबर करंज्या किंवा लाडू ठेवायचे असतील, तर ते रंगवलेल्या किंवा छापील कागदाला लागू देऊ नयेत. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असा सल्ला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिलेला आहे. ताटात आधी केळीचे पान घालून त्यावर खाऊ मांडावा आणि शुभेच्छापत्र वेगळ्या पाकिटात घालावे, म्हणजे कोरलेला रंगही खरवडला जाणार नाही. पाकिटाच्या मागे मुलाने आपले नाव, वय आणि वर्ष पेन्सिलीने लिहावे, आणि ताट पोहोचवायला मोठ्यांनी न जाता त्यालाच पाठवावे.